लांबून पाहणारा डोळा

रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्यासमोर काय दृश्य असते, हे इंदूरकरांना सांगावयास नको. गेर निघाली की माणसांचा पूर लोटतो, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात आणि गुलालाचे ढग शेजारच्या इमारतींच्या गच्च्यांपर्यंत चढतात. राजवाड्याचे सात मजले, खालचे दगडी आणि वरचे लाकडी, त्या रंगीत धुक्यातून मधूनच डोकावतात. अशा वेळी कॅमेरा घेऊन गर्दीत उतरणे म्हणजे कॅमेऱ्याला कायमचा निरोप देणे होय.

मी एम. डी. करीत असतानाची, म्हणजे १९९० च्या दशकातील गोष्ट. स्टायपेंडमधून पैसे साठवून मी एक जुनी, कोणाच्या तरी हाताखालून गेलेली ३०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स घेतली होती. राजवाड्याजवळच राहणाऱ्या एका नातलगांच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत जागा मिळवली. समोर वडिलांच्या खांद्यावर बसलेला, नखशिखांत रंगलेला एक तीन-चार वर्षांचा मुलगा दोन्ही हात वर करून हसत होता. छत्तीस फोटोंचा अख्खा रोल मी त्या दुपारी संपवला. रोल धुऊन आला तेव्हा राजवाडा स्वच्छ दिसत होता, पण तो मुलगा मात्र एका गुलाबी फराट्यासारखा उमटला होता. मी हिरमुसलो. स्टुडिओतील वृद्ध गृहस्थांनी निगेटिव्ह उजेडावर धरून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमचा काही दोष नाही. तुमच्या लेन्सला उजेड कमी पडला.”

त्या एका वाक्याने मला या विषयाकडे ओढले. लांबचे जवळ आणणारी आणि तरीही भरपूर उजेड गोळा करणारी लेन्स बनवणे ही माणसाला सुमारे शंभर वर्षे पुरलेली समस्या आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तिची कहाणी आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

‘वेगवान’ म्हणजे काय?

लेन्स स्वतः काही धावत नाही. तरीही छायाचित्रकार तिला ‘फास्ट’ किंवा ‘स्लो’ म्हणतात. जी लेन्स जास्त प्रकाश आत घेते, तिच्या साहाय्याने शटर अल्पकाळ उघडूनही फोटो निघतो. म्हणून ती वेगवान. हे मोजण्याचे माप म्हणजे एफ-क्रमांक. लेन्सच्या केंद्रांतराला तिच्या प्रकाशद्वाराच्या व्यासाने भागले की तो मिळतो. क्रमांक जितका लहान, तितका प्रकाश अधिक.

आपणा डॉक्टर मंडळींना हे डोळ्यावरून चटकन उमजेल. मानवी डोळ्याचे परिणामी केंद्रांतर सुमारे १७ मिलिमीटर. उन्हात बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आकसते, अंधारात तरुणपणी ती ७-८ मिलिमीटरपर्यंत रुंदावते. म्हणजे आपला डोळा साधारण एफ ८ पासून एफ २ पर्यंत फिरणारी लेन्सच आहे. ॲट्रोपिनचे थेंब टाकल्यावर मुलाचे डोळे उजेडाने दिपतात, त्याचे एक कारण हेच.

आता माझ्या लेन्सचा हिशेब पाहू. ती होती ३०० मिलिमीटर, एफ ५.६. म्हणजे तिचे प्रकाशद्वार सुमारे ५४ मिलिमीटर. त्या दिवशी गल्लीच्या सावलीत तिला एक सव्वाशांश सेकंद शटर उघडे ठेवावे लागत होते. एफ २.८ ची लेन्स असती तर चौपट प्रकाश मिळाला असता आणि एक पाचशेअंश सेकंद पुरला असता. त्या वेगात मुलाचे हात जागच्या जागी थबकले असते. पण त्यासाठी प्रकाशद्वार १०७ मिलिमीटरचे, म्हणजे छोट्या ताटलीएवढे हवे. व्यास दुप्पट केला की काचेचे क्षेत्रफळ चौपट होते, आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढली तर वजन आठपट. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २.८ साठी १८ मिलिमीटरचे द्वार पुरते. मूळ अडचण इथे आहे: लांब पाहायचे तर लेन्स आपोआप मंद होते आणि तिला वेगवान करायचे तर ती अवजड आणि महाग होते.

दुसरे संकट थरथरीचे. लांबची लेन्स वस्तूबरोबर हाताचा कंपही मोठा करून दाखवते. म्हणून जुने लोक सांगत, ३०० मिलिमीटरला एक तीनशेअंश सेकंदाहून मंद शटर हाती धरून वापरू नये. अर्थात, उपाय पुन्हा तोच: अधिक उजेड.

इंदूरचा पहिला धडा

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला तेव्हा लेन्स फार मंद होत्या आणि माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. व्हिएन्नाचे गणिती जोसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये आकडेमोडीच्या बळावर एफ ३.६ ची व्यक्तिचित्रणाची लेन्स रचली. या आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील गणित जाणणाऱ्या सैनिकांची मदत मिळाली होती. आधीच्या लेन्सपेक्षा ती पंधरा ते वीस पट प्रकाश देत असे. अंदाजाने काच घासण्याऐवजी आधी गणित मांडून लेन्स घडवण्याची वाट तिने दाखवली. मात्र ती जवळच्या चेहऱ्यासाठी होती, दूरच्या दृश्यासाठी नव्हे.

या काळाशी इंदूरचा थेट संबंध आहे. राजा दीनदयाळ हे नाव आपण ऐकले असेल. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर रुजू झाले. १८७० च्या दशकात त्यांनी येथेच कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे आणि सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. पण भारतातील या श्रेष्ठ छायाचित्रकाराची सुरुवात आपल्या गावी झाली, हे अभिमानाने सांगावे असे आहे. मध्य भारतातील वास्तूंची त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली.

मोठा कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटा हे त्या काळचे साहित्य. वास्तू हलत नाहीत, त्यामुळे मंद लेन्सही चालत असे. पण त्या युगातील अनेक छायाचित्रांत भर वस्तीतील रस्ते ओस पडलेले दिसतात. माणसे तेथे होती, पण ती चालत होती, आणि जो थांबला नाही तो प्लेटवर उमटला नाही. माझ्या गुलाबी फराट्याचे पूर्वज तेच!

दोन भिंगांची युक्ती

३०० मिलिमीटर केंद्रांतराचे साधे भिंग फिल्मपासून ३०० मिलिमीटर दूर ठेवावे लागते. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यात हे अंतर याहून कितीतरी वाढे आणि कॅमेऱ्याचा भाता हातभर लांब होई. १८९१ मध्ये लंडनचे थॉमस डालमायर, बर्लिनचे अडोल्फ मीथे आणि म्यूनिकचे अडोल्फ स्टाइनहाइल या तिघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच वेळी यावर तोडगा काढला. पुढे बहिर्गोल भिंग आणि त्याच्या मागे, मध्ये अंतर सोडून, अंतर्गोल भिंग. पुढचे भिंग किरण वेगाने एकत्र आणते, मागचे ते एकत्र येणे किंचित लांबवते. फिल्मला वाटते की किरण फार दुरून येत आहेत. प्रत्यक्षात नळी आखूड राहते. गॅलिलिओच्या दुर्बिणीत हीच जोडी होती. मायनस नंबरचा चष्मा किरण फाकवतो हे आपण रोज पाहतो. तेच तत्त्व येथे कामी आले. हीच खरी ‘टेलिफोटो’ लेन्स, जरी बोलीभाषेत आपण कोणत्याही लांब लेन्सला तसे म्हणतो.

आकार आटोक्यात आला, पण उजेड नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या टेलिफोटो लेन्स एफ ९, एफ १० अशा मंद होत्या. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात आपल्या हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाघांची विलक्षण छायाचित्रे घेतली, ती वाटेत तार ताणून ठेवून! वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि फोटो निघे. रात्री हिंडणाऱ्या वाघाला दुरून टिपेल अशी लेन्स तेव्हा नव्हतीच.

मोठी उडी १९३६ ची. बर्लिन ऑलिंपिकच्या सुमारास जर्मनीच्या झाइस कंपनीने लुडविग बेर्टेले यांची १८० मिलिमीटर, एफ २.८ ची ‘सोनार’ लेन्स आणली. लोक तिला ‘ऑलिंपिया सोनार’ म्हणू लागले. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघाने यजमान जर्मनीला ८-१ असे हरवले होते. धावत्या खेळाडूला मैदानाबाहेरून टिपणे हे आता एका लेन्सच्या आवाक्यात आले.

याच सुमारास आणखी एक मूक क्रांती झाली. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. भिंगे वाढवावीत तर उजेड घटतो आणि चित्र धुरकट होते. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. पुढील काळात पंधरा-वीस भिंगांच्या लेन्स शक्य झाल्या, त्या या पातळ थराच्या जोरावर.

रंगांची फूट आणि एक स्फटिक

आता उरला सर्वांत चिवट दोष. काच प्रत्येक रंगाला थोडे वेगळे वळवते, त्यामुळे लाल आणि निळे किरण नेमके एकाच जागी मिळत नाहीत. छोट्या लेन्समध्ये हे खपून जाते, लांब लेन्समध्ये हा दोष केंद्रांतराबरोबर वाढतो आणि प्रत्येक कडेला जांभळी किनार दिसते. प्रकाशद्वार मोठे ठेवले की तो अधिकच उघडा पडतो. म्हणजे केवळ मोठी काच घेऊन वेगवान टेलिफोटो होत नाही.

याचा उपाय छायाचित्रकारांच्या आधी आपल्या क्षेत्राला सापडला होता. झाइसचे अर्न्स्ट अबे यांच्या तेलबुडी भिंगांची आणि प्रकाशसंयोजकाची रॉबर्ट कॉख यांना जंतुशोधनात मोठी मदत झाली होती. क्षयाच्या जंतूची घोषणा कॉख यांनी १८८२ मध्ये केली. याच अबे यांनी १८८६ मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी ‘ॲपोक्रोमॅट’ भिंगे सिद्ध केली आणि त्यांत फ्लोराइट हा नैसर्गिक स्फटिक वापरला. फ्लोराइट रंगांना फार कमी फाकवतो. पण खाणीतून निघणारे निर्दोष तुकडे लहान असत. सूक्ष्मदर्शकाच्या मसूरडाळीएवढ्या भिंगाला ते पुरत, ताटलीएवढ्या लेन्सला कसे पुरावेत?

तो स्फटिक भट्टीत कृत्रिमरीत्या वाढवण्याचे तंत्र जपानच्या कॅनन कंपनीने साधले आणि १९६९ मध्ये फ्लोराइट असलेली ३०० मिलिमीटर, एफ ५.६ ची लेन्स बाजारात आणली. दुसरीकडे निकॉनने रंग कमी फाकवणारी खास काच तयार केली. १९७२ च्या सापोरो हिवाळी ऑलिंपिकच्या सुमारास तिची ३०० मिलिमीटर, एफ २.८ ची लेन्स आली आणि त्याच दशकात कॅननचीही तशी फ्लोराइटची लेन्स आली. पुढील अनेक वर्षे ‘तीनशे, दोन पॉइंट आठ’ हा क्रीडा छायाचित्रकारांचा ओळखपरवलीचा शब्द बनला. कॅननच्या या लेन्स पांढऱ्या का असतात, असे पुष्कळांना वाटते. फ्लोराइट उष्णतेने प्रसरण पावतो आणि उन्हात काळी नळी लवकर तापते. पांढरा रंग हा तोरा नसून ऊन परतवण्याची सोय आहे.

स्नायू आणि प्रतिक्षिप्त क्रिया

येथवर लेन्सचा डोळा तयार झाला, त्याला स्नायू नव्हते. मोठ्या प्रकाशद्वाराला आणखी एक शाप असतो: स्पष्टतेची खोली फार उथळ होते. ३०० मिलिमीटरच्या एफ २.८ लेन्सने दहा मीटरवरील व्यक्ती टिपली तर जेमतेम वीतभर खोलीच नेमकी स्पष्ट येते. मागची गर्दी विरघळून चेहरा उठून दिसतो, ही तिची शोभा. पण धावणाऱ्याचा चेहरा त्या वीतभर पट्ट्यात हाताने धरून ठेवणे ही मोठी परीक्षा असे.

१९८५ मध्ये मिनोल्टाने कॅमेऱ्यातच स्वयंचलित केंद्रीकरण बसवले. १९८७ मध्ये कॅननने ३०० मिलिमीटर, एफ २.८ च्या लेन्समध्येच ध्वनिकंपनांवर चालणारी, जवळजवळ निःशब्द मोटर घातली. डोळ्यातील सिलिअरी स्नायूचे काम यंत्र करू लागले. येथेही वेगवान लेन्सचा फायदा झाला, कारण यंत्रालाही नेमका वेध घेण्यास भरपूर उजेड लागतो.

पुढची पायरी कंप आवरण्याची. आपण डोके हलवले तरी नजर स्थिर राहते, कारण आंतरकर्ण आणि नेत्रस्नायू यांची प्रतिक्षिप्त जोडणी असते. बेशुद्ध बालकात आपण तीच बाहुलीच्या डोळ्यांची चाचणी म्हणून तपासतो. १९९५ मध्ये कॅननने नेमके हेच लेन्समध्ये आणले: हाताचा कंप ओळखणारे संवेदक आणि त्याच्या उलट सरकणारे एक भिंग. १९९९ पर्यंत ही सोय मोठ्या वेगवान लेन्सनाही मिळाली. मात्र एक गोष्ट विसरू नये. ही युक्ती आपला हात स्थिर करते, समोरचे मूल नव्हे! उड्या मारणाऱ्या मुलाला थांबवायचे तर छोटे शटर आणि त्यासाठी उजेडच हवा.

८ डिसेंबर २०११ रोजी आपल्या होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ धावा कुटल्या, तो सामना पाहिलेले अनेक जण आपल्यात असतील. सीमारेषेबाहेर ओळीने मांडलेल्या अशा लांब लेन्समागे ही सारी परंपरा उभी होती.

वजनाचा प्रश्न त्यानंतर सुटत गेला. कॅननची ४०० मिलिमीटर, एफ २.८ ची लेन्स १९९९ मध्ये ५.३७ किलोची होती, २०११ मध्ये ३.८५ किलोची आणि २०१८ मध्ये २.८४ किलोची झाली. म्हणजे एका सशक्त नवजात बालकाएवढी! हलक्या धातूंचा वापर आणि जड भिंगे पुढून मागे, जेथे किरणांचा झोत अरुंद असतो तेथे, लहान करून बसवणे, यामुळे हे साधले.

अखेरचे वळण सर्वांत गमतीचे. डिजिटल संवेदक इतके हळवे झाले की वेगवान लेन्सची निकडच थोडी ओसरली. २०२० मध्ये कॅननने ६०० मिलिमीटरची एफ ११ लेन्स आणली. एफ ४ च्या मानाने ती प्रकाशाचा आठवा हिस्साच घेते, पण तिचे वजन किलोभरही नाही. उजेडाची तूट संवेदक भरून काढतो. आज हौशी मंडळी अशा हलक्या लेन्स घेऊन हिवाळ्यात सिरपूर तलावावर आणि यशवंत सागरावर पाहुण्या पक्ष्यांना टिपू शकतात. ही दोन्ही ठिकाणे २०२२ मध्ये रामसर यादीत आली. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा आपोआप सापडतो. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत आता अर्जुनच नव्हे, यंत्रही उत्तीर्ण होते. तरीही पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात मोठ्या काचेला पर्याय नाही. संवेदक आलेला प्रकाश वाढवून दाखवतो, न आलेला प्रकाश तो कोठून आणणार?

अंतराचे मोल

बालरोगतज्ज्ञाला या लेन्सचे एवढे आकर्षण का, असे आपण विचाराल. आमच्या विषयात पहिला धडा लांबून पाहण्याचा असतो. स्टेथोस्कोप घेऊन जवळ गेलो की मूल रडते आणि श्वासाची गती बिघडते. म्हणून ते आईच्या मांडीवर शांत असतानाच, हात न लावता, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. छाती आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, हे दारातूनच टिपायचे. समोरच्याला न बिचकवता त्याचे खरे रूप पाहणे, हेच टेलिफोटोचेही काम.

पण या अंतराचा मी एकदा गैरफायदा घेतला, तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. वैद्यकीय सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक ग्रामीण स्त्री न्यूमोनियातून उठलेले बाळ मांडीवर घेऊन बसली होती. रात्रभराच्या जागरणानंतर तिच्या चेहऱ्यावर विलक्षण निवांतपणा होता. समोरच्या जिन्यातून, तिच्या नकळत, मी तो चेहरा टिपला. पुढे डॉक्टरांच्या एका छोट्या प्रदर्शनात तो फोटो लावला. सर्वांनी वाखाणला. आमच्या वॉर्डातील एक ज्येष्ठ सिस्टर मात्र फोटोपुढे थांबून म्हणाल्या, “सर, हिला विचारलं होतंत का?”

मी विचारले नव्हते. बाळाच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी मी त्या आईला फोटोची प्रत दिली आणि घडले ते सांगितले. ती रागावली नाही. बराच वेळ पाहत राहिली आणि मालवीत एवढेच म्हणाली, की आधी सांगितले असते तर डोक्यावरचा पदर तरी नीट केला असता.

ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. आपण तपासणीआधी संमती घेतो, शस्त्रक्रियेआधी सही घेतो. मग ज्याला आपण दिसतही नाही, त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी कमी होते की वाढते? आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये लांबून टिपणारी लेन्स आहे आणि वॉर्डातील फोटो क्षणात शेकडो जणांपर्यंत पोहोचतो. म्हणून हा प्रश्न आता केवळ छायाचित्रकारांचा उरलेला नाही.

रंगपंचमीला मी अजूनही त्याच गॅलरीत जातो. लेन्स आता वेगवान आहे आणि गुलालात हसणारी मुले स्पष्ट उमटतात. फरक एवढाच, की गेर ओसरू लागली की मी जिना उतरून खाली जातो आणि सापडेल त्या पालकाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचे मूल दाखवतो. बहुतेक जण खुश होऊन फोटो मागतात. एखादे जण नको म्हणतात, तेव्हा त्यांच्यासमोरच तो पुसून टाकतो. मोबदल्यात मला माथ्यावर मूठभर गुलाल मिळतो. त्या तीन मजल्यांच्या अंतरावर कोणत्याही लेन्सचा उपाय चालत नाही, ते आपणच उतरून जावे लागते.